पेटीवर छापलेले आणि नळीला जमणारे : खिशातल्या गायगर काउंटरचा नाशिकमधून आढावा

महाविद्यालयातील पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी खिशात मावणारा एक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारे यंत्र, ऑनलाइन मागवला होता. पावसाळा आणि द्राक्षांचा हंगाम असे दोन्ही काळ तो वापरून झाल्यावर त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्यास हरकत नाही. हेच यंत्र वेगवेगळ्या लेबलांखाली अनेक विक्रेते विकतात आणि आत बहुधा एकच काचेची जे-३०५ जातीची नळी असते (तिच्यात किरण शिरला की एक ठोका मोजला जातो), त्यामुळे येथे नाममुद्रेपेक्षा यंत्राच्या जातीचाच विचार केला आहे. किंमत सात हजार रुपयांच्या आसपास पडली. पेटीवर ‘घर, अन्न, पाणी आणि माती यांची किरणोत्सारापासूनची सुरक्षितता तपासा’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. त्यातील घराचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे. अन्न, पाणी आणि माती यांच्याविषयीचा दावा मात्र असा आहे की तो का टिकत नाही हे समजून घेण्यासाठी रेडिओइकॉलॉजी, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्ये परिसंस्थेत कोठून कोठे जातात याचा अभ्यास करणारे शास्त्र, कसे घडले हे पाहावे लागते. या शास्त्राची जवळजवळ प्रत्येक पायरी अशा नळीला ज्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही त्या प्रश्नातून तयार झाली आहे.

आधी यंत्राविषयी. बांधणी हलकी पण नीट आहे, पडदा उन्हातही वाचता येतो, चार्ज केलेली बॅटरी दिवसभराच्या शिवारफेरीला सहज पुरते आणि टिकटिक आवाज बंद करण्याची सोय आहे. वर्गात ही सोय फार उपयोगी पडते. पडद्यावर एका बाजूला मिनिटाचे ठोके आणि दुसऱ्या बाजूला तासाचे मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा, दिसतात. यांपैकी ठोके हेच खरे मोजमाप आहे. मायक्रोसिव्हर्टचा आकडा म्हणजे ठोक्यांना एका ठरावीक स्थिरांकाने भागून काढलेला अंदाज असतो. मिनिटाला साधारण दीडशे ठोके म्हणजे तासाला एक मायक्रोसिव्हर्ट असे हे गुणोत्तर विशिष्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांसाठी धरलेले असल्यामुळे समोर बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) असतील तर तो आकडा निरर्थक ठरतो, आणि पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. शिवाय मिनिटाला पंचवीस ठोके येत असतील तर निव्वळ योगायोगाने त्यात पाचांचा चढउतार होतोच. एका मिनिटाच्या वाचनात वीस टक्क्यांची अनिश्चितता असताना पडदा दशांशानंतर दोन स्थळे दाखवतो, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याची समजूत अशी होते की सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोलीत काहीतरी घडत आहे. तासभर ठोके मोजले तर हीच अनिश्चितता तीन टक्क्यांच्या आत येते, म्हणून या यंत्राचा योग्य वापर म्हणजे ते एका जागी ठेवून शांतपणे वाट पाहणे.

अशा रीतीने मोजल्यास नाशिकमध्ये ते चांगले काम करते. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम या तिन्ही बाबतींत गरीब खडक आहे. त्यामुळे पांडवलेणीच्या खडकाजवळ किंवा गंगापूर धरणाच्या भिंतीकडे गेल्यावर ठोके वाढत नाहीत. उलट दक्षिणेकडून आणलेल्या ग्रॅनाइटच्या स्वयंपाकघरातील ओट्यावर यंत्र ठेवले की तासाच्या सरासरीत फरक स्पष्ट दिसतो, आणि ज्या घरमालकांना तो दाखवला त्यांना हा नैसर्गिक व निरुपद्रवी फरक आहे हे समजावण्यातच अधिक वेळ गेला. सर्वांत देखणा प्रयोग पावसाचा आहे. इगतपुरीकडे जोरदार सर येऊन गेल्यावर गाडीच्या काचेवरचे पाणी कागदी रुमालाने पुसून तो रुमाल नळीला टेकवला, तर ठोके एकदम चढतात आणि अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर येतात. हवेतील रेडॉन वायूपासून तयार झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर खाली येतात व त्यांचे अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) २७ आणि २० मिनिटांचे असते, एवढे माहीत असले की हा प्रयोग एका तासिकेत पूर्ण होतो. केवळ या एका प्रात्यक्षिकासाठीही यंत्राची निम्मी किंमत वसूल झाली असे मी मानतो.

दुसरे उपयुक्त प्रात्यक्षिक द्राक्षबागायतदाराच्या गोदामात होते. पोटॅशच्या पोत्याला यंत्र टेकवल्याबरोबर टिकटिक वाढते, कारण प्रत्येक ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० या समस्थानिकाची सुमारे ३१ विघटने दर सेकंदाला होत असतात. म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश या खताच्या एका किलोत सुमारे १६,००० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). माणसाच्या स्वतःच्या शरीरातही पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक बेकरेल असतात. हा आकडा ऐकल्यावर बागायतदार पोत्यापासून दूर सरकण्याऐवजी हसतात, आणि विषय पुढे नेण्यास ती चांगली जागा असते. कारण याच पोटॅशचा रेडिओइकॉलॉजीशी दुसरा, कितीतरी महत्त्वाचा संबंध आहे आणि तो या यंत्राला दिसत नाही. तो पुढे येईल.

आता अन्नाचा दावा. पेटीवरील चित्रात यंत्र सफरचंदावर धरलेले आहे. अन्नावर गायगर नळी धरून निर्णय घेण्याची पद्धत एकदा खरोखरच, आणि मोठ्या प्रमाणावर, वापरली गेली होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर सुमारे १५ मेगाटन क्षमतेचा हायड्रोजन बॉम्ब उडवला, त्याची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवर पडली आणि त्यानंतर वर्षअखेरपर्यंत जपानच्या बंदरांत ट्यूना मासे गायगर काउंटरने तपासून दूषित ठरलेले फेकून देण्यात आले. ठोके मोजता येत होते. पण ते कशाचे आहेत हे नळी सांगत नव्हती. जपानी रसायनशास्त्रज्ञांनी मासे विरघळवून मूलद्रव्ये वेगळी केली तेव्हा ट्यूनाच्या शरीरात जस्त-६५ सापडले. बॉम्बमधील विखंडनातून थेट तयार होणारे हे द्रव्य नव्हते, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याने साध्या जस्ताचे झालेले रूपांतर होते, आणि जस्त हे सजीवांना हवे असलेले मूलद्रव्य असल्यामुळे माशांनी ते समुद्रातून वेचून साठवले होते. समुद्र एवढा अफाट आहे की सगळे विरून जाईल, ही त्या वेळची अधिकृत समजूत होती. त्याच वर्षी ‘शुनकोत्सु मारू’ या संशोधन नौकेने बिकिनीच्या परिसरातील पाणी आणि प्लवक तपासून ती समजूत मोडीत काढली.

खरे तर ही गोष्ट त्याआधीच एका नदीवर लक्षात आलेली होती, फक्त ती गुप्त होती. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे प्लुटोनियमसाठी अणुभट्ट्या उभारताना कोलंबिया नदीचे पाणी त्यांना थंड करण्यासाठी वापरून परत सोडायचे ठरले होते, आणि नदीतील सामन माशांचे काय होईल या चिंतेतून १९४३ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लॉरेन डोनाल्डसन यांच्या नेतृत्वाखाली एक प्रयोगशाळा सुरू झाली, जिचे नाव मुद्दाम साध्या मत्स्यशास्त्राचे ठेवले गेले. पुढे दिसले असे की पाण्यात फॉस्फरस-३२ चे प्रमाण नगण्य असले तरी माशांच्या शरीरात ते पाण्याच्या मानाने हजारो पट असू शकते. म्हणजे पाणी सुरक्षित आहे की नाही हे पाण्यावर यंत्र धरून ठरत नाही. त्या पाण्यात कोण राहतो, तो काय खातो आणि त्याला कोण खाते हे कळल्याशिवाय उत्तर मिळत नाही. गोदावरीच्या काठावर विद्यार्थ्यांना हे यंत्र रामकुंडाच्या पाण्यावर धरण्याचा मोह होतो, आणि त्या वेळी मी कोलंबिया नदीचे उदाहरण सांगतो. पाण्याचा थर स्वतःच बीटा कण अडवतो, त्यामुळे तेथे यंत्राचे ठोके कमी भरतात, एवढाच त्या मोजमापाचा अर्थ असतो.

या विखुरलेल्या निरीक्षणांचे शास्त्र होण्यास साधारण एक दशक लागले. १९५६ मध्ये सोव्हिएत संघात कुझिन आणि पेरेदेल्स्की यांनी, तर अमेरिकेत परिसंस्थांचे अभ्यासक यूजीन ओडम यांनी ‘रेडिओइकॉलॉजी’ हे नाव वापरले, आणि १९६१ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे या विषयावरचा पहिला अमेरिकी राष्ट्रीय परिसंवाद भरला. ओडम यांच्यासारख्या अभ्यासकांना किरणोत्सारी द्रव्य हे प्रदूषक म्हणून जितके महत्त्वाचे वाटत होते तितकेच ते निसर्गातील देवघेव शोधण्याचे साधन म्हणूनही महत्त्वाचे वाटत होते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्टॅन्ली ऑरबाक यांच्या गटाने १९६२ मध्ये जंगलातील ट्यूलिप पॉपलर वृक्षांत सीझियम-१३७ सोडून ते पानांत, पालापाचोळ्यात, मातीत आणि किड्यांत कसे फिरते याचा वर्षानुवर्षे माग काढला. आज परिसंस्थेतील मूलद्रव्यांच्या चक्रांविषयी आपण जे सहजपणे शिकवतो त्यातील बराच भाग या प्रयोगांतून आलेला आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी सांगितली जात नाही.

सोव्हिएत बाजूची कहाणी अधिक विलक्षण आहे. २९ सप्टेंबर १९५७ रोजी उरल भागातील मायाक या प्लुटोनियम कारखान्यात थंड करण्याची यंत्रणा बिघडून किरणोत्सारी कचऱ्याची टाकी फुटली. टाकीतील सुमारे दोन कोटी क्युरी (किरणोत्साराचे जुने एकक) किरणोत्सारापैकी दहावा हिस्सा वाऱ्याबरोबर दूर गेला आणि शेती, तळी व जंगले यांवर एक लांबट पट्टा दूषित झाला, ज्यातील दीर्घकाळ उरणारा धोका स्ट्रॉन्शियम-९० चा होता. पुढच्याच वर्षी तेथे प्रायोगिक केंद्र उभे राहिले आणि व्सेवोलोद क्लेचकोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली कृषी-रेडिओइकॉलॉजी ही शाखा वाढली : मातीतील किती अंश धान्यात येतो, खोल नांगरटीने तो कमी होतो का, चुन्याने काय फरक पडतो. अपघाताचे नाव काढण्यास मात्र बंदी होती. या संशोधनाचे निबंध ठिकाणाचा उल्लेख न करता प्रसिद्ध होत राहिले. झोरेस मेदवेदेव या परागंदा शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये या अपघाताची वाच्यता केली तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांनीही त्यांना खोटे ठरवले. त्यावर त्यांनी ते प्रसिद्ध निबंधच पुरावा म्हणून मांडले : कोणीही मुद्दाम प्रयोगासाठी एवढी मोठी तळी स्ट्रॉन्शियमने दूषित करणार नाही, आणि त्यांत नोंदवलेल्या प्राण्यांच्या जाती पाहता ती जागा उरलमध्येच असली पाहिजे. सोव्हिएत सरकारने हा अपघात १९८९ मध्ये मान्य केला. एखाद्या शास्त्राच्या नियतकालिकांतून दडवलेली दुर्घटना बाहेर यावी, याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

आपल्या यंत्राच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट ही की स्ट्रॉन्शियम-९० गॅमा किरण सोडत नाही. ते बीटा कण सोडते आणि शरीरात कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत बसते. दुधात किंवा धान्यात ते आहे का हे पाहण्यासाठी नमुना जाळून, विरघळवून, रासायनिक रीतीने वेगळे काढावे लागते. मायाकच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, इंग्लंडमधील विंडस्केल येथे अणुभट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर भागातील दूध आयोडीन-१३१ मुळे काही आठवडे फेकून द्यावे लागले. गवत, गाय, दूध आणि लहान मुलाची थायरॉइड ग्रंथी ही साखळी तेव्हापासून प्रत्येक आपत्कालीन आराखड्यात आली. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तर असे दिसले की बॉम्बचाचण्यांतील सीझियम दगडफूल थेट हवेतून घेते, रेनडिअर दगडफूल खातात आणि त्यांवर जगणाऱ्या पशुपालकांच्या शरीरात ते शहरी लोकांपेक्षा कितीतरी अधिक साठते. जमिनीवर यंत्र धरून फिरणाऱ्या कोणालाही हे कळले नसते.

भारतातही ही परंपरा जुनी आहे. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुऊर्जा प्रयोगशाळांनी १९५० च्या दशकातच बॉम्बचाचण्यांच्या धुळीचे मोजमाप सुरू केले, आणि अणुवीज केंद्र सुरू होण्याआधीच त्या जागी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा उभारून मूळ पातळी नोंदवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. नाशिकला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यातील तारापूर केंद्र १९६९ पासून वीज देत आहे आणि तेथील मासे, समुद्रशेवाळ, दूध व भाजीपाला नियमित तपासला जातो. केरळच्या मोनाझाइट (थोरियम असलेले खनिज) मिसळलेल्या वाळूच्या किनाऱ्यावर नैसर्गिक किरणोत्सार मुळातच जास्त असल्याने तेथील रानटी उंदरांवर झालेला अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, ज्यात किरणोत्साराचा म्हणता येईल असा ठळक आनुवंशिक परिणाम आढळला नाही.

आता पोटॅशकडे परत येतो. सीझियम हे पोटॅशियमच्याच कुळातील असल्यामुळे वनस्पतीची मुळे त्यांच्यात नीटसा भेद करू शकत नाहीत. जमिनीत पोटॅश कमी असेल तर पीक सीझियम अधिक उचलते, आणि भरपूर असेल तर कमी. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर बेलारूस आणि युक्रेनमधील शेतांवर, तसेच मार्च २०११ नंतर फुकुशिमाच्या भातखाचरांत पोटॅश टाकण्याचा उपाय याच ज्ञानावर आधारलेला होता. म्हणजे जे पोते या यंत्राला ‘अधिक किरणोत्सारी’ दिसते तेच पोते पिकाला कृत्रिम किरणोत्सारापासून वाचवते. मातीच्या जातीनेही उत्तर पूर्ण बदलते. अभ्रकासारख्या चिकणमातीच्या खनिजांत सीझियम घट्ट अडकते, पण ब्रिटनमधील वेल्सच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीत ते मोकळे राहिले. त्यामुळे चेर्नोबिलपासून दोन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या तेथील मेंढ्यांवरचे निर्बंध थेट २०१२ पर्यंत चालू होते. एकाच ठोक्यांच्या दोन जमिनींतून येणारे पीक एकसारखे नसते, आणि ‘माती तपासा’ या दाव्यातील खरी उणीव हीच आहे. जपानने २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोला १०० बेकरेल सीझियमची मर्यादा ठेवली. आपल्या बेदाण्यातील नैसर्गिक पोटॅशियम-४० त्याहून अधिक बेकरेलचे असते, तरीही दोन्ही गोष्टी या नळीला पार्श्वभूमीच्या ठोक्यांतून वेगळ्या काढता येत नाहीत. द्राक्ष किंवा कांद्याच्या निर्यातीसाठी खरेदीदाराने किरणोत्साराचे प्रमाणपत्र मागितले असेल, तर शिशाच्या कवचातील गॅमा स्पेक्ट्रोमीटर (किरण कोणत्या द्रव्याचे आहेत हे ओळखणारे यंत्र) असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पर्याय नाही. या पडद्याचे छायाचित्र पाठवून काम होणार नाही.

एका बाबतीत मात्र यंत्राने अन्नाविषयी उपयुक्त साक्ष दिली. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्यावर प्रक्रिया होते, आणि अशा कांद्यात किरणोत्सार शिरतो ही भीती अजूनही बाजारात ऐकू येते. कोबाल्टचा स्रोत कांद्याला स्पर्श करत नाही आणि त्याचे गॅमा किरण कांद्याला किरणोत्सारी बनवू शकत नाहीत. यंत्राने तासभर मोजूनही फरक दाखवला नाही. हे काटेकोर शास्त्रीय प्रमाण नव्हे, पण शंका घेणाऱ्या माणसासमोर ते चांगले चालते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या निमित्ताने राखेच्या विटांविषयीही विचारणा होते. कोळशातील युरेनियम-थोरियम राखेत संहत होते हे खरे असले तरी या नळीवर मला त्याचा निःसंशय फरक दिसला नाही.

पडद्यावरील एककाविषयी एक आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. सिव्हर्ट हे माणसाच्या शरीरासाठी ठरवलेले एकक आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने १९७७ मध्ये असे धरले होते की माणूस सुरक्षित असेल तर इतर जीवजाती बहुधा सुरक्षितच असतील. चेर्नोबिलजवळ माणसे हलवली गेली आणि पाइनचे जंगल जागच्या जागी तांबूस होऊन मेले, तेव्हा या गृहीतकाचा दुबळेपणा उघड झाला. २००८ मध्ये आयोगाने हरीण, उंदीर, बदक, बेडूक, मधमाशी, गांडूळ, पाइन, रानगवत अशा बारा संदर्भ जीवांची चौकट प्रसिद्ध केली, ज्यात मात्रा दिवसाच्या मिलीग्रेमध्ये (शरीराने शोषलेल्या किरण-ऊर्जेच्या एककात) सांगितली जाते. तेव्हा ‘परिसराचे रक्षण’ असे पुस्तिकेत लिहून केवळ मायक्रोसिव्हर्ट दाखवणे, हे शास्त्र जेथून पुढे निघून गेले तेथेच थांबणे होय.

इतर तक्रारी किरकोळ आहेत. सोबत आलेले अंशांकनाचे (कॅलिब्रेशनचे) प्रमाणपत्र छापील होते आणि मित्राच्या यंत्रासोबतही अक्षरशः तेच आकडे आले. विक्रेत्याला लिहिल्यावर उत्तर आले नाही. झाकणाचे स्क्रू लवकर सैल होतात. धोक्याच्या इशाऱ्याची पातळी कारखान्यातून इतकी खाली ठेवलेली आहे की ग्रॅनाइटच्या ओट्यावरही योगायोगाच्या चढउतारात कधीकधी भोंगा वाजतो. ती आल्याबरोबर बदलून घ्यावी.

शाळा, महाविद्यालये आणि मोजमापाची आवड असणाऱ्यांसाठी मी पाचांपैकी साडेतीन गुण देईन, अन्न तपासण्यासाठी घेणाऱ्यांसाठी एकही नाही. घ्यायचेच असेल तर ठोक्यांची नोंद संगणकात उतरवून घेण्याची सोय असलेली आवृत्ती घ्यावी. ती थोडी महाग पडते, पण तासांची सरासरी काढता येत नसेल तर या यंत्राचा पडदा पाहण्यात काही अर्थ राहत नाही.